आई चार सांगेल

बाई,

हेडमास्तर म्हणाले, शाळेच्या अंकात तुमच्या आठवणी छापायच्या आहेत, पालकांतर्फे मंगलने दोन ओळी लिहाव्यात. मी नाही म्हटलं. मग हो म्हटलं. मग घरी येऊन परत नाही सांगायला निघाले होते, तर वैशूने हातात पेन दिला. म्हणाली, "आई, तू बाईंशी मनात बोलतेच ना दिवसभर, तेच लिही, फक्त तोंड बंद ठेव."

म्हणून तुमच्याशी बोलते. दोन ओळीत होणार नाही हे. धावत जिना चढल्यासारखं होतंय, कुठून धरू कळत नाही. घरात आम्ही अहिराणी बोलतो, गल्लीत हिंदी, आणि हे खात्यावरून, म्हणजे कापडाच्या कारखान्यातून, येतात ते लूमच्या आवाजासोबत गुजराती घेऊन येतात, त्यामुळे माझी मराठी ही अशीच, चार घरांतून वाटी वाटी आणलेली. चुका काढू नका. नाही, काढा. तुम्ही लाल पेनने काढल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

पहिल्यांदा तुम्ही दारात आल्या तो दिवस मला रोज दिसतो. सुरतेत गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत वही घेऊन फिरणारे दोनच प्रकारचे लोक, एक घरं पाडायची नोटीस आणणारे आणि दुसरे ऑपरेशनवाले. बायका सांगायच्या, पोरं किती ते लिहून नेतात आणि मग बाईला उचलून नेतात. तुम्ही सुती साडीतल्या, खांद्याला पर्स, काखेत लांब वही. मी घाबरले आणि वैशूला साड्यांच्या गाठोड्यामागे ढकललं. धागे कापायला आणलेल्या साड्या होत्या. राहुल तेव्हा पावणेदोन वर्षांचा, अजून अंगावर पीत होता, त्याला कुठे लपवणार.

"घरात मुलं किती?" तुम्ही विचारलं.

"एकच. हे अंगावरचं."

"बस?"

"बस."

आणि गाठोड्यामागून आवाज आला, "आन् मी?"

बाई, मला वाटलं आता जमीन फाटेल तर बरं. तुम्ही हसल्या पण नाही. चप्पल काढून आत आल्या, गाठोड्याजवळ बसल्या, आणि मागे वाकून म्हणाल्या, "तू पण. तुला कसं विसरेन?" मग मला विचारलं, "किती वर्षांची?"

"चार," मी म्हटलं.

ते खोटं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. ते आपोआप निघालं. गावाला जायचं म्हणजे आधी पॅसेंजर आणि मग एसटी, आणि पाच पूर्ण झाले की अर्धं तिकीट लागतं. म्हणून आमच्या गल्लीतली सगळी पोरं चार वर्षांची असतात. कुणी चार वर्षांचं तीन वर्षं असतं, कुणी चार वर्षं. वैशूला तर मी शिकवूनच ठेवलं होतं, टीसी दिसला की गुडघे वाकवून उभी राहा.

तुम्ही वैशूला म्हणाल्या, "आ कर." तिने केला. "चार वर्षांच्या मुलीचे पुढचे दात पडले?"

"खेळताना पडली होती."

"आणि नवीन आले ते पण खेळताना?"

मी पदर तोंडावर घेतला. तुम्ही म्हणाल्या, "हे बघ, मी कंडक्टर नाही. खरं वय सांग." तेव्हा कळलं, की मलाच नीट माहीत नव्हतं. चार म्हणून म्हणून मी मोजणंच सोडलं होतं.

आमच्या सासूबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या, त्या तुम्हाला ऐकू जाईल अशा मोठ्याने बोलल्या, "आंडेरले शाळामा धाडीसन काय कलेक्टर करशी का व? धागा कोन कापी मंग?" तुम्हाला आंडेर म्हणजे मुलगी हे माहीत नव्हतं, अंड्याचं काहीतरी आहे असं वाटलं, आणि तुम्ही म्हणाल्या, "नाही आजी, मी अंडं खात नाही." सासूबाई इतक्या हसल्या की तांदूळ सांडले. तिथून तुमचं त्यांचं जमलं.

मग तुमच्या मराठीच्या वर्गात नाव घालायच्या दिवशी मी शाळेच्या फाटकात आले आणि पटावाळ्याला, म्हणजे शिपायाला, विचारलं, "बाई कुठे आहेत?" त्याने झाडूवाली दाखवली. गुजरातीत शिकवणारीला बेन म्हणतात आणि बाई म्हणजे झाडलोट करणारी, मला काय माहीत. मी तिच्याजवळ जाऊन नमस्कार केला, वैशूला तिच्या पाया पडायला लावलं. ती बिचारी झाडू टाकून मागे सरकली. तुम्ही ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "बरोबर पाया पडलीस. ती नसती तर मी उकिरड्यात शिकवलं असतं."

जन्मतारखेच्या रकान्यात हेडमास्तर एक जून लिहायला लागले, कारण ज्यांना तारीख माहीत नाही त्या सगळ्यांना एक जूनच मिळते. तुम्ही त्यांचा हात धरला. "सर, अख्ख्या गोडादऱ्यातल्या बायका काय एकाच दिवशी बाळंत झाल्या?" ते म्हणाले, "बाई, काम भागतंय ना." तुम्ही म्हणाल्या, "काम भागतंय, पण दिवस तिचा आहे." आणि मला घरी पाठवलं, सासूला विचारून ये म्हणून.

सासूबाई म्हणाल्या, विचारायचं काय त्यात, "कानबाईले बुडावाले लई गयतात, तव्हय हाई उनी." म्हणजे नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची कानबाई देवी बसली, घरात रोट झाले, आणि सोमवारी बाया डोक्यावर कानबाई घेऊन नदीला निघाल्या तेव्हा वैशू झाली, माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या कानबाईला. हे सांगायला सासूबाई स्वतः शाळेत आल्या, बाई, आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही घरून जुन्या वर्षाची दिनदर्शिका आणली होती, श्रावण काढला, नागपंचमी काढली, पुढचा सोमवार काढला, आणि बोट ठेवलं. सासूबाईंनी त्या चौकोनाला हात लावून तो हात कपाळाला लावला. ज्या बाईने धागा कोण कापेल विचारलं होतं, तिनेच मग गल्लीभर सांगितलं की आमच्या वैशूची तारीख कागदावर आहे, खरीखुरी आहे, कानबाईने दिलेली आहे.

वैशूच्या वर्गातली बाकीची पोरं तेव्हा एक जूनलाच वाढदिवस करायची. मग तुम्ही त्या सगळ्यांच्या आयांना धरून बसवायच्या, पोळा होता का, दिवाळी होती का, लाइट गेले होते का, विचारत. कितीतरी तारखा तुम्ही अशा शोधून काढल्या.

मी स्वतः चौथीत शाळा सोडली हे तुम्हाला माहीत होतं. का सोडली ते तुम्ही एकदाच विचारलं होतं आणि मी हसण्यावारी नेलं होतं. आज सांगते. आमच्या गावात मास्तर होते तेव्हा छत नव्हतं, आणि छत घातलं तोवर मास्तरांची बदली झाली. दुसरे आलेच नाहीत. आम्ही पोरं दप्तर घेऊन जायचो, छताखाली बसायचो आणि परत यायचो. एक दिवस आई म्हणाली, बसायचंच आहे तर घरी बस. बस, एवढंच. कुणी मारलं नाही, कुणी अडवलं नाही. कुणी काही केलंच नाही, तेच झालं.

म्हणून मला सरकारी शाळेचा भरवसा नव्हता. मी तुम्हाला म्हटलं पण होतं, फुकटचं ते कसलं असणार. तुम्ही तेव्हा पेटी उघडत होत्या, ती हिरवी पत्र्याची. सरकारकडून आलेली, आत लोहचुंबक, भिंग, मणी, नकाशे, पृथ्वीचा गोळा. ती पेटी आली तशी कुलपात होती, कारण सगळं रजिस्टरवर चढलेलं, आणि काही तुटलं तर वर कोण उत्तर देणार. हेडमास्तर म्हणाले, "बाई, पोरं फोडतील." तुम्ही म्हणाल्या, "फोडू दे. मी लिहून देते, वापरून तुटलं." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फुकट नाही हे, मंगल. तू काडेपेटी घेतेस ना, त्यातला थोडा पैसा सरकारकडे जातो. तुझा नवरा साबण घेतो, त्यातला जातो. असा देशभरातून फिरून तो ह्या पेटीत आलाय. तुझीच पेटी आहे. तुझ्या पैशाला कुलूप लावून ठेवू का?"

मला रात्रभर नाही, पण चांगला महिनाभर ते आठवत राहिलं. काडी ओढली की वाटायचं, घे, एक मणी गेला वैशूला. पृथ्वीच्या गोळ्याला पहिल्याच आठवड्यात पोचा पडला, कुठल्यातरी समुद्रात. तो पोचा अजून आहे. पोरं त्याला खड्डा म्हणतात आणि सुरत कुठे विचारलं तर सांगतात, खड्ड्यापासून वर.

बाई, आपलं भांडण राहिलं.

एप्रिलमध्ये, निकालाच्या दिवशी. वैशू चौथी पास झाली, पहिल्या तिघांत आली, तुम्ही माझ्या हातावर पेढा ठेवला आणि विचारलं, "जूनमध्ये राहुलला आणतेस ना?" मी म्हटलं, राहुलला पर्वत पाटियाकडच्या खाजगी शाळेत घालणार आहोत, गुजराती माध्यमाची आहे, रिक्षा दारात येते. आणि मी टायचं पण सांगितलं, इलास्टिकचा असतो, लाल. मी फार आनंदाने सांगत होते. तुमचा चेहरा बघून थांबले.

"वैशूला घातलं तेव्हा टाय नाही आठवला?"

"वैशू मुलगी आहे, बाई," मी म्हटलं.

ते शब्द तोंडातून गेले आणि वैशू बाजूलाच उभी होती. प्रगतिपुस्तक हातात धरून. तिने वर पाहिलं नाही. तुम्ही माझ्यावरून नजर काढून तिच्याकडे बघितलं, आणि मला राग आला. मी म्हटलं, "इथे शिकून दुकानात कोण ठेवील त्याला? पाट्या सगळ्या गुजराती. आणि तुमचा मुलगा कुठे शिकला, सांगा ना?"

असं मी तुमच्याशी बोलले. मी, जी पोस्टमनला पण घाबरते.

तुम्ही चष्मा काढला, पदराने पुसला. "इंग्रजी शाळेत शिकला," तुम्ही म्हणाल्या. "खाजगी. तेव्हा मलाच माझ्या शाळेची लाज वाटायची. दिवसभर इथे शिकवायचे आणि माझं मूल दुसरीकडे. मी चुकले असं आता वाटतं, पण त्याला विचारलं तर तो नाही म्हणेल. म्हणून तुला हुकूम नाही करत." मग म्हणाल्या, "गुजराती तर वैशू वाचतेच. ती काय वेगळी अक्षरं आहेत? आपलीच आहेत, डोक्यावरचा पदर काढलेली. सुट्टीनंतर बोलू. गावाहून ये आधी."

मी गावाहून आले. तुमच्यासाठी बिबड्या आणल्या होत्या, ज्वारीच्या पापड्या, सासूबाईंनी उन्हात बसून घातलेल्या, तुम्हाला आवडतात म्हणून तीळ जास्त. पिशवी घेऊन सरळ शाळेत आले. पटावाळा भाई मला बघून उभा राहिला, आणि तो कधी उभा राहत नाही. म्हणाला, "बेन तो गया." मी विचारलं, कुठे गेल्या, बदली झाली का? देवाची शपथ, मी बदली समजले. माझ्या डोक्यात मास्तर जातात ते बदलीनेच जातात. त्याने वर आभाळाकडे बोट केलं.

माफी मागायची राहिली. उत्तर द्यायचं पण राहिलं. पिशवी तशीच हातात घेऊन मी नव्या खोल्यांकडे गेले.

त्या तुम्ही पूर्ण झालेल्या पाहिल्या नाहीत. तीन खोल्या, खिडक्यांना गज, पंखे लागलेत. इतकी वर्षं दोन वर्ग एका खोलीत पाठीला पाठ लावून बसायचे, इकडे पाढे आणि तिकडे कविता, आणि आता तीन खोल्या. फळा भिंतीवर रंगवलाय, गुडघ्याच्या थोडाच वर. गवंडी हसून सांगत होता, बाईंनी दोनदा पुसायला लावला, म्हणाल्या, साहेबांच्या उंचीचा नको, पहिलीच्या पोरांच्या उंचीचा रंगव.

हेडमास्तर तिथेच खुर्चीवर बसले होते. त्यांनी सांगितलं, पहिली मराठीचा पट भरत नाहीये. बाई असत्या तर सुट्टीत घरोघर फिरल्या असत्या. शनिवारी वरून साहेब येणार, तोवर नावं झाली नाहीत तर पहिलीचा वर्ग ह्या वर्षी सुरू होणार नाही आणि खोली दुसऱ्या माध्यमाला जाईल. त्यांची काही चूक नाही, खोली रिकामी कोण ठेवील. मग त्यांनी तुमची ती लांब वही माझ्यापुढे धरली. "तुम्ही जायचात ना बाईंबरोबर."

जायचे, पण मागे. दोनदाच. तुम्हाला अहिराणी कळायची नाही म्हणून. मी तुमच्या पाठीमागून फक्त सांगायची, त्या काय म्हणताहेत ते. मी म्हटलं, सर, मला नाही जमणार. वैशूने वही घेतली.

बाई, पहिल्या दारात माझा आवाजच फुटला नाही. आतली बाई म्हणाली, काय विकता? दुसऱ्या दारात एका माणसाने विचारलं, कुठल्या पार्टीचे? तिसऱ्या घरी एक मुलगी, माझ्यापेक्षा कितीतरी लहान, कडेवर एक, आणि पलंगाखाली दोन पाय दिसत होते. छोटे. एक पैंजण. मी विचारलं, घरात पोरं किती? ती म्हणाली, एकच. आणि मला हसू आलं, आणि हसताना रडू आलं, मी खाली बसले तिच्या उंबऱ्यावर आणि अहिराणीतच म्हटलं, घाबरू नको व माय, मी बी अशीच लपाडेल व्हती. ही बघ, हीच ती.

वैशू वाकली आणि पलंगाखाली म्हणाली, "तू पण. चल."

"चार वर्साची से ती," तिची आई म्हणाली.

"मी कंडक्टर नाही," मी म्हटलं.

मग जमत गेलं. तीन दिवस फिरलो. धाग्याचं काम पडून राहिलं, सासूबाईंनी कापलं, कुरकुरत, पण कापलं. एक जण म्हणाला नंतर बघू, एकीने दार लावलं, एकीने चहा पाजला आणि जावेची पण दोन पोरं लिहून दिली. शुक्रवारी दुपारी आम्ही ओट्यावर बसून नावं मोजली. एक कमी.

"सगळी घरं झाली," मी म्हटलं.

 वैशूने वहीची पानं मागे उलटली. तुम्ही प्रत्येक घराचं एक पान केलं होतं, पुढच्या दोन-तीन वर्षांत कोण येणार ते पेन्सिलीने लिहिलेलं. आमचं पान तिने उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. तुमचं अक्षर, डोक्यावर सरळ रेघ मारलेलं.

मंगल. मुलगी चौथी पास होईल. मुलगा राहुल, जूनमध्ये पाच पूर्ण. आई चार सांगेल.

मी खूप वेळ ते वाचलं. चार दिवसांपूर्वी गावाहून येताना पॅसेंजरमध्ये टीसीने राहुलकडे बोट केलं होतं आणि मी म्हटलं होतं, चार. तुम्हाला ते त्याच्या कितीतरी आधीच माहीत होतं, बाई. मला वाटलं होतं मी टायचं ठरवलंय, मोठं काही ठरवलंय. खरं म्हणजे मी तुमच्यापासून पण त्याला गाठोड्यामागेच लपवत होते.

वैशूला विचारलं, "तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "त्याला खड्डा दाखवायचाय मला. गोळ्यावरचा."

शनिवारी मी राहुलचा हात धरून हेडमास्तरांसमोर उभी राहिले. साहेब बाजूला बसले होते, पायजम्याच्या नाडीपर्यंत मला घाम आला असता जर मी पायजमा घालत असते. हेडमास्तरांनी पेन उघडला.

"नाव?"

"राहुल."

"वय?"

जीभ चार म्हणायला टेकली होती, बाई. सवय आहे. मी दात मिटून घेतले आणि मग म्हटलं, "पाच पूर्ण. सहावं चालू."

"जन्मतारीख? एक जून टाकतो."

"नाही सर," मी म्हटलं. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. दिनदर्शिका आणलीये मी."